सरळ सूर, हलता सूर

ट्रम्पेट शिकवणाऱ्या पुस्तकांची जगात वाण नाही. श्वास कसा भरायचा, माउथपीस ओठांवर कसा बसवायचा, जिभेने सूर कसे तोडायचे, तीन व्हॉल्व्हवर बोटं कशी चालवायची, यावर शेकडो पानं वाचायला मिळतात. लांब धरलेल्या सुराला लहर कशी द्यायची, म्हणजेच व्हायब्रेटो, हा विषय मात्र बहुतेक ठिकाणी पान-दीड पानात उरकलेला असतो. शिकवणारेही ‘ते वाजवता वाजवता येतं’ म्हणून पुढे सरकतात. येतं, हे खरं आहे. पण असा नकळत आलेला व्हायब्रेटो कुठे थांबवायचा, किती ठेवायचा, कोणत्या संगीतात अजिबात आणायचा नाही, हे ठरवणं मग वाजवणाऱ्याच्या हातात राहत नाही. ते त्याच्या हातात परत यावं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

नव्या वाचकासाठी आधी मुळापासून सांगतो. व्हायब्रेटोत धरलेला सूर आपल्या जागेच्या किंचित वर आणि किंचित खाली, एका ठरावीक गतीने हलत राहतो. त्याबरोबर आवाजाचा जोर आणि सुराचा रंगही थोडाथोडा बदलतो. सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा हे घडलं, की सूर डळमळतोय असं कानाला वाटत नाही. एकच सूर, पण भरलेला आणि जिवंत असा ऐकू येतो. गती फार उतरली की तोच सूर डगमगतो आणि फार चढली की थरथरतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाने 1920 आणि 1930च्या दशकांत नामवंत गायक-वादकांच्या ध्वनिमुद्रणांची मोजमापं केली. गायकांचा सूर लहरीत जवळजवळ सा ते कोमल रे एवढं अंतर जातो-येतो आणि व्हायोलिनवादकांचा साधारण त्याच्या निम्मं, असं त्याला आढळलं. ऐकणाऱ्यांना मात्र हे अंतर प्रत्यक्षाहून बरंच कमी भासतं. कान मधली जागा पकडतो आणि तोच सूर मानतो. त्यामुळे ती मधली जागा नेमकी कुठे आहे याला सगळं महत्त्व येतं. वाजवणाऱ्याची मधली जागाच उतरलेली असेल, तर कितीही सुंदर लहर दिली तरी सूर बेसूरच राहतो. व्हायब्रेटोने बेसूरपणा झाकता येतो, ही समजूत जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

ट्रम्पेटवर हे करणं व्हायोलिनपेक्षा अवघड का, हे वाद्याकडे पाहिलं की कळतं. व्हायोलिनवादकाचं बोट तारेवर मागे-पुढे डोलतं, तारेची लांबी बदलते आणि सूर हलतो. ट्रोम्बोनवाल्याकडे सरकती नळी असते. ट्रम्पेटच्या नळीची लांबी एकदा व्हॉल्व्ह दाबला की ठरून जाते. सूर हलवायचा तर मग तो जिथे जन्मतो त्या ओठांशी, किंवा ओठांकडे येणाऱ्या हवेशी, काहीतरी करावं लागतं. इथेच धोका आहे, कारण ओठांची पकड आणि हवेचा स्थिर प्रवाह या दोन गोष्टी जमवण्यातच वादकाची पहिली काही वर्षं गेलेली असतात, आणि व्हायब्रेटो त्या दोन्हींना हात घालतो.

जगभरात यासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली हाताची. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या मधे टेकलेला असतो. तो हात अगदी हलकेच पुढे-मागे डोलवला की माउथपीसचा ओठांवरचा भार किंचित वाढतो आणि कमी होतो, त्यासरशी सूर वर-खाली होतो. हालचाल इतकी लहान हवी की समोर बसलेल्याला बोटं जेमतेम हलताना दिसावीत. करंगळी आकड्यात अडकवून वाद्य ओठांवर ओढण्याची सवय असेल, तर ही पद्धत त्या सवयीला खतपाणी घालते. म्हणून करंगळी आकड्यावर नुसती टेकलेली ठेवूनच तिचा सराव करावा लागतो. या वाटेचा मोठा फायदा असा की ओठांची आणि जबड्याची घडी मोडत नाही, आणि हात थांबला की लहर त्याच क्षणी थांबते. तोटाही उघड आहे. बोटं भराभर चालत असताना तोच हात डोलवणं कठीण जातं, आणि वरच्या पट्टीत जिथे भार आधीच वाढलेला असतो तिथे त्यात आणखी भर पडते.

दुसरी वाट जबड्याची. खालचा जबडा ‘या-या-या’ म्हटल्यासारखा बारीक हलतो, ओठांमधली फट बदलते आणि सूर लवतो. हात मोकळा राहतो, लहर रुंद करता येते, चालता चालताही जमते. जॅझमध्ये, नाचाच्या वाद्यवृंदांत, इंग्लंडच्या ब्रास बँडमध्ये हीच वाट जास्त रुळली. पण जबडा खाली जातो तेव्हा सूर उतरतो आणि परत येताना फार तर मूळ जागेपर्यंत पोचतो. नीट लक्ष दिलं नाही तर सगळी लहर सुराच्या खालच्या बाजूलाच राहते. त्यात जबड्याला एकदा सवय लागली की ती मोडणं हाताच्या सवयीपेक्षा कितीतरी जड जातं.

तिसरी वाट श्वासाची. पोटाच्या स्नायूंनी हवेला ‘हा-हा-हा’ असे हलके धक्के द्यायचे. बासरीवाले आणि ओबोवाले हिचा बराच उपयोग करतात. ट्रम्पेटवर हिने सुराच्या उंचीपेक्षा आवाजाचा जोर जास्त बदलतो, आणि गती वाढवू गेलं की धक्के पोटातून सुटून गळ्यात येतात. मग गळा आवळतो आणि सूर बकरीसारखा बेंबाटतो. माझं मत सरळ सांगतो: ट्रम्पेट शिकणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करू नये. याच वाटेने उत्तम वाजवणारे कलावंत आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला श्वासाची जी तयारी लागते ती नवशिक्याकडे नसते.

मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत उंच सुरावर येणारा ‘शेक’ या तिन्हींत मोडत नाही. तिथे सूर शेजारच्या नैसर्गिक सुरापर्यंत उडी मारून परत येतो. तो वेगळा प्रकार आहे आणि या पुस्तकात त्याची ओळख तेवढी आहे.

आता या सगळ्याचा इतिहास. ट्रम्पेट शतकानुशतकं दरबाराचं आणि रणांगणाचं वाद्य होतं. व्हॉल्व्ह नसलेल्या लांब नळीतून निघणाऱ्या मोजक्या सुरांवर इशारे आणि जयघोष वाजत, आणि त्या कामाला लहरीची गरज फारशी नव्हती. व्हॉल्व्हचा पहिला परवाना 1818मध्ये बर्लिनमध्ये निघाला आणि पुढच्या काही दशकांत पॅरिसमध्ये कॉर्नेट लोकप्रिय झाली. ट्रम्पेटपेक्षा आटोपशीर आणि आवाजाने मऊ असलेली कॉर्नेट ऑपेरातल्या चाली वाजवू लागली, म्हणजे पितळी वाद्य गायकाच्या जागी उभं राहिलं. जाँ-बाप्तिस्त आर्बां यांचं 1864 सालचं कॉर्नेटचं शिक्षणपुस्तक आजही ट्रम्पेटवाल्यांच्या स्टँडवर असतं. त्यात ऑपेराच्या चालींवर रचलेल्या रचना भरपूर आहेत त्या याच काळामुळे. गायकाची नक्कल करणाऱ्या वाद्याकडे गायकाची लहर येणं ओघानेच आलं.

लहर किती असावी हा वाद त्याहून जुना आहे. लिओपोल्ड मोझार्ट यांनी 1756मध्ये व्हायोलिनवर पुस्तक लिहिलं, त्यात प्रत्येक सुरावर सतत थरथरणाऱ्या वादकांना कायमचा ताप भरल्यासारखे म्हणून टोकलं आहे. व्हायोलिनवर अखंड व्हायब्रेटोची रीत मुख्यतः विसाव्या शतकात पक्की झाली आणि तिच्याशी फ्रिट्झ क्राइस्लर यांचं नाव जोडलं जातं. त्याच शतकाच्या अखेरीस रॉजर नॉरिंग्टन यांच्यासारखे संगीतदिग्दर्शक मोझार्ट, बीथोव्हनच नव्हे तर त्यापुढचं संगीतही व्हायब्रेटोशिवाय वाजवून घेऊ लागले. ही घडी एकदा बसली आणि कायम राहिली, असं या विषयात कधीच झालेलं नाही.

ट्रम्पेटच्या बाबतीत सगळ्यात मोठी उलथापालथ जॅझने केली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पितळी वाद्यांचा राजा कॉर्नेटवादक होता. बँडमास्तर सूझाच्या बँडमध्ये गाजलेले हर्बर्ट क्लार्क यांनी 1921मध्ये एका वादकाला लिहिलेल्या पत्रात, ट्रम्पेट हे जॅझसारखंच अलीकडे उगवलेलं खूळ आहे, कॉर्नेट सोडू नकोस, असा सल्ला दिला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये आला. 28 जून 1928ला शिकागोत मुद्रित झालेलं त्याचं ‘वेस्ट एंड ब्लूज’ हे वादन व्हायब्रेटो शिकणाऱ्याने नुसतं ऐकू नये, त्याचा अभ्यास करावा. सुरुवातीला बाकी सगळे गप्प असताना तो एकटा काही सेकंद वाजवतो, आणि शेवटच्या आवर्तनात एक उंच सूर जवळजवळ चार बार धरून ठेवतो. आर्मस्ट्राँगची खासियत अशी की सूर लागतो तेव्हा सरळ, ठणठणीत लागतो. लहर मागाहून येते आणि सूर सोडायच्या वेळी रुंद होते. आखूड सुरांच्या शेवटीसुद्धा ही लहर ऐकू येते, आणि तालाला तिच्यामुळे पुढे ढकलल्यासारखी गती मिळते. तिथे व्हायब्रेटो हा लयीचा भाग झाला आहे. आर्मस्ट्राँगच्या आधी असं कोणी इतक्या जाणतेपणाने केल्याचं मला तरी ऐकायला मिळालेलं नाही.

1930 आणि 1940च्या दशकांत नाचाच्या मोठ्या वाद्यवृंदांचं राज्य आलं, आणि लहर रुंद, गोड, सतत झाली. सर्कशीच्या बँडमास्तरचा मुलगा हॅरी जेम्स हा त्या ढंगाचा सरताज. 1941 सालचं त्याचं ‘यू मेड मी लव्ह यू’ ऐकलं की त्या काळच्या लाखो श्रोत्यांना ट्रम्पेटकडून काय हवं होतं ते कळतं. त्याच वेळी ईस्ट सेंट लुईसमध्ये माइल्स डेव्हिस नावाचा पोरगा शाळेत ट्रम्पेट शिकत होता आणि हॅरी जेम्ससारखा सूर हलवू पाहत होता. त्याचे शिक्षक एलवूड ब्यूकॅनन यांनी त्याला थांबवलं. म्हातारपणी थरथरायचंच आहे, आत्तापासून कशाला, अशा अर्थाचं ते बोलले, असं माइल्सने आत्मचरित्रात सांगितलं आहे. पुढे 1959च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये त्याचा जवळजवळ सरळ, आतून आल्यासारखा सूर जगाने ऐकला. लहर काढून घेतल्यावर सुरात काय उरतं, या प्रश्नावर माइल्सने आयुष्य काढलं असं म्हणता येईल. मात्र आयोवाच्या डॅव्हनपोर्टमधला बिक्स बायडरबेक 1920च्या दशकातच कॉर्नेटवर फार थोड्या लहरीत, घंटेसारखा स्वच्छ सूर लावत होता. सरळ सुराची जॅझमधली वाट माइल्सपासून सुरू झाली असं लिहिणारे त्याला विसरतात.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात देशोदेशीच्या रीती वेगळ्या पडल्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या वाद्यवृंदांत ट्रम्पेटचा सूर सरळ, कारण तिथे तीन-चार ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन मिळून एकसंध ठोकळ्यासारखा आवाज हवा असतो, आणि प्रत्येकाची लहर वेगळी झाली की तो ठोकळा भंगतो. शिकागो सिम्फनीत अडॉल्फ हर्सेथ 1948पासून 2001पर्यंत पहिल्या खुर्चीवर बसले. अमेरिकन वाद्यवृंदांत सामुदायिक वादनात सरळ आणि एकल चालीत मोजकी लहर, असा जो शिरस्ता पडला त्याचं मोठं उदाहरण ते होत. फ्रान्समध्ये कॉर्नेटचा वारसा घट्ट, त्यामुळे तिथल्या पितळी वाद्यांत काही दशकांपूर्वीपर्यंत लहर सर्रास ऐकू येई. खाणकामगाराचा मुलगा आणि लहानपणी स्वतः खाणीत राबलेला मॉरिस आंद्रे (1933–2012) याने छोट्या पिकोलो ट्रम्पेटवर बाखच्या काळातलं संगीत घरोघरी पोचवलं, तेव्हा त्या झळाळत्या सुरात बारीक, जलद लहर होती. रशियात तर ट्रम्पेट थेट गायकच झाला. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरमध्ये 1945पासून जवळपास चार दशकं वाजवलेले तिमोफेई दोकशिझेर रोज संध्याकाळी ऑपेरा गायकांच्या पायाशी बसत होते, आणि त्यांचा व्हायब्रेटो ऐकताना तो शेजार जाणवतो. मेक्सिकोतल्या मारियाची वाद्यमेळ्यात विसाव्या शतकाच्या मध्यावर ट्रम्पेटची जोडी कायमची झाली आणि तिथली रुंद लहर त्या संगीताची ओळखच बनली. त्याच देशातून आलेले राफाएल मेंडेझ (1906–1981) हॉलिवूडच्या स्टुडिओंत आणि मैफलींत वाजवत राहिले, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही शिकणाऱ्यांना लहरीसाठी ऐकवल्या जातात. इंग्लंडच्या खाणी आणि गिरण्यांभोवती वाढलेल्या ब्रास बँडमध्ये तर कॉर्नेटचा अख्खा ताफा एकत्र लहर देतो. जर्मन वाद्यवृंदात जे चालणार नाही तेच तिथे आवाजाचा प्राण असतं.

या रीतींना मी आपल्या सवयीने घराणी म्हणतो. आर्मस्ट्राँगच्या घराण्याची लहर ब्रुकनरच्या सिम्फनीत नेली तर शेजारचा ट्रोम्बोनवाला वळून बघेल, आणि जर्मन वाद्यवृंदाचा सरळ सूर मारियाचीत नेला तर गाणं कोरडं पडेल. व्हायब्रेटो चांगला की वाईट, असं विचारणाऱ्याला मी आधी तो काय वाजवतोय ते विचारतो.

आपल्याकडचा धागा दोन ठिकाणांहून येतो. पलटणींच्या बँडमधून आलेली पितळी वाद्यं लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत शिरली. दुसरा धागा गोव्याचा. तिथल्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन आणि वाद्यं शिकवली जात, आणि तीच मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत आली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (1916–1967), हे त्यांतलं ठळक नाव. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी, ‘अलबेला’सारख्या (1951) चित्रपटांत त्यांची साथ घेतली. आर्मस्ट्राँगच्या घराण्याचा सूर मराठी माणसाच्या कानावर रेडिओतून पडला तो या वाटेने, आणि वरातीतल्या ट्रम्पेटवाल्याने तो तिथूनच उचलला. कागदावर तो मिळणं शक्यच नव्हतं, कारण नोटेशनमध्ये लहर क्वचितच लिहिलेली असते. पितळी वाद्यांचं हे अंग कानाकडून कानाकडेच गेलं आहे.

आपल्या संगीतात हलत्या सुराचा विचार फार बारकाईने झालेला आहे, आणि ट्रम्पेट शिकणाऱ्या मराठी मुलाकडे तो आयता असतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गमकाचे पंधरा प्रकार सांगताना कंपित आणि आंदोलित यांसारखे प्रकार त्याने हलण्याच्या गतीवरून वेगळे काढले आहेत. दरबारी कानड्यातला कोमल गंधार संथ आंदोलनाने येतो; तो गंधार तसा आला नाही तर दरबारी उभा राहत नाही. त्याच रागात षड्जाला मात्र कोणी तसं हलवत नाही. कुठल्या सुराने हलायचं, किती सावकाश, आणि कुठल्याने अचल राहायचं, ही शिस्त ज्याने आजीच्या रेडिओवर का होईना ऐकलेली आहे, त्याला व्हायब्रेटोची निवड समजावणं सोपं जातं. दोन्ही गोष्टी एक नाहीत. आंदोलन रागातल्या त्या स्वराचं असतं, व्हायब्रेटो वाजवणाऱ्याच्या आवाजाचा असतो. पण कान दोन्हीकडे तोच लागतो.

माझ्याकडे शिकायला येणारी बरीच मुलं बँडमधली आहेत. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला. दोन मोसम वरातीत वाजवलेला, आवाज दणदणीत, ओठ मजबूत. त्याला मधला जी धरायला सांगितला. सूर लागताच त्याचा खालचा जबडा हलू लागला, आणि समोरच्या ट्यूनरवरचा काटा मध्यरेषेवरून खाली जाऊन परत येऊ लागला. वर मात्र एकदाही गेला नाही. ‘सर, व्हायब्रेटो बरा येतो ना?’ त्याने विचारलं. ‘गती चांगली आहे. आता हाच सूर न हलवता धर,’ मी म्हटलं. त्याने धरला आणि दुसऱ्या मात्रेला जबडा पुन्हा सुरू झाला. त्याला ते कळलंही नव्हतं. आरसा समोर धरला तेव्हा कळलं. पुढचे कित्येक आठवडे आम्ही फक्त सरळ सूर धरले, मग हाताची लहर घेतली, आणि शेवटी त्याचा जबडा त्याला परत मिळाला, कारण तोवर तो थांबवता येत होता. त्याची जुनी लहर वाईट नव्हती. मिरवणुकीत चालताना, वाद्य पावलागणिक हादरत असताना, हाताची लहर टिकत नाही. तिथे जबडाच कामी येतो. आता तो मिरवणुकीत जबडा वापरतो आणि खोलीत बसून वाजवताना हात.

हा विषय आत्ताच मांडावासा वाटला याला कारणं आहेत. वरातींतून माणसांचे बँड कमी होत चालले आहेत आणि त्यांची जागा डीजे आणि कीबोर्ड घेत आहेत. कीबोर्डवर ट्रम्पेटचा आवाज निवडला की सोबत लहरही मिळते, पण ती बहुधा एकाच गतीने, एकाच रुंदीने फिरत राहते. ती कानाला इतकी सवयीची झाली आहे की नवी मुलं खऱ्या ट्रम्पेटवरही तशीच लहर काढू बघतात. दुसरीकडे, जी मुलं पुढे परीक्षा देतात, लष्कराच्या किंवा पोलिसांच्या बँडमध्ये जातात, मुंबईत सिम्फनी ऐकायला जातात, त्यांच्यासमोर चारही दिशांची घराणी एकदम येतात. पचमढीच्या लष्करी संगीत विद्यालयातून तयार झालेला बँडवाला, कझाकस्तानातून मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात आलेला वादक आणि आर्मस्ट्राँगच्या शंभर वर्षं जुन्या तबकड्या, सगळं एकाच आठवड्यात ऐकता येतं. यातलं काय कुठून आलं हे सांगणारं मराठीत काही नसेल, तर मुलगा जे ताजं ऐकलं ते सगळीकडे लावतो.

या पुस्तकाचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे. पहिला मोठा भाग सरळ सुराचा आहे: श्वास, लांब सूर, ओठांनी सूर अर्धा स्वर खाली वाकवून परत जागेवर आणणं. ज्याला सूर वाकवून नेमका परत आणता येतो त्याला मधली जागा सापडलेली असते. त्यानंतर लहर मेट्रोनोमवर मोजून घ्यायची. 72वर एका मात्रेत चार लहरी म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच, 84वर चार म्हणजे साडेपाचाच्या किंचित वर. मधल्या पायऱ्या पुस्तकात आहेत. सुरुवातीला ही लहर यंत्रासारखी वाटेल आणि तशीच वाटायला हवी. मोजून देता आल्याशिवाय ती सैल सोडता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. काही शिक्षकांना हे पटत नाही. लहर भावनेतून यावी, मोजणीने ती मरते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या या शंकेला पुस्तकात पुरेशी जागा दिली आहे, कारण मोजणीच्या पायरीवरच अडकून बसलेले वादकही मी पाहिले आहेत.

त्यापुढे घराण्यांचा भाग आहे. प्रत्येक घराण्यासाठी काय ऐकावं आणि ऐकताना कान कुठे ठेवावा हे सांगितलं आहे: लहर सुराच्या आरंभी येते की मागाहून, रुंद होते की जलद, कोणत्या सुरांवर मुळीच येत नाही. हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा वेगळा भाग केला, कारण आपल्या बँडमध्ये ट्रम्पेट बहुतेक वेळा गायिकेची ओळ वाजवतो. जुन्या गाण्यांत लता मंगेशकरांचा लांब सूर ऐकताना मला नेहमी जाणवतं की आधी तो नेमक्या जागेवर सरळ बसतो आणि लहर आली तर अगदी बारीक, मागाहून येते. त्या ओळीवर हॅरी जेम्सची रुंद लहर चढवली की गाणं ओळखू येतं, पण गायिका हरवते.

काही गोष्टी पुस्तकात नाहीत. वरच्या पट्टीचे विशेष व्यायाम नाहीत, जॅझमधलं उत्स्फूर्त वादन नाही, आणि तिन्ही वाटांपैकी अंतिम श्रेष्ठ कोणती याचा निवाडा नाही. हात आधी, जबडा नंतर, श्वास शेवटी, हा माझा शिकवण्याचा क्रम आहे. ज्यांचे गुरुजी दुसऱ्या क्रमाने शिकवतात त्यांनी गुरुजींचं ऐकावं आणि पुस्तक शेजारी ठेवावं.

शिकणाऱ्याने हे पुस्तक ट्रम्पेट हातात घेऊनच वाचावं. फोनवर ट्यूनर आणि मेट्रोनोम असू द्या, आणि तोंड दिसेल असा लहान आरसा. पहिल्या पाठात एकच काम आहे: दुसऱ्या रेषेवरचा जी, 60च्या लयीत आठ मात्रा, पहिल्यापासून आठव्यापर्यंत काटा जागचा न हलता. तो जमला की दुसऱ्या पाठात त्याच सुरावर पहिल्या चार मात्रा सरळ आणि पुढच्या चार हाताच्या लहरीने. आणि तिसऱ्या पाठात पुन्हा शेवटच्या दोन मात्रांवर ती लहर थांबवायची. ज्याला ती थांबवताना जबडा किंवा मान हलताना दिसेल त्याने चौथ्या पाठाकडे जाऊ नये, दुसऱ्याकडे परत यावं.